थायरॉइड काढायची म्हणताय? आधी ‘कशासाठी?’ ते विचारा

‘डॉक्टर, गाठ साधी आहे म्हणतात आणि वर ऑपरेशनही सांगतात. साधी आहे तर काढायची कशाला?’

थायरॉइडच्या रुग्णांकडून हा प्रश्न नेहमी येतो. तितक्याच वेळा याच्या उलटही ऐकू येतं: ‘कॅन्सर नाही ना? मग राहू दे की. दुखत तर नाही!’

पहिला प्रश्न अगदी रास्त आहे. दुसऱ्या वाक्यातला दिलासा मात्र कधी कधी महागात पडतो. हा लेख आहे कॅन्सर नसलेल्या, म्हणजे साध्या थायरॉइडच्या आजारासाठी होणाऱ्या ऑपरेशनबद्दल. कॅन्सरचे नियम वेगळे, ते इथे लावू नका.

माझं मत आधीच सांगून टाकतो. साध्या आजारासाठी थायरॉइड काढायची असेल, तर ‘कशासाठी?’ याचं उत्तर डॉक्टरला एका वाक्यात देता आलं पाहिजे आणि रुग्णाला तेच वाक्य घरी जाऊन सांगता आलं पाहिजे. तसं उत्तर नसेल तर घाई करू नका. असेल तर चालढकल करू नका.

आकार वेगळा, काम वेगळं

थायरॉइड ही गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठाच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून बसलेली ग्रंथी. आकार फुलपाखरासारखा, वजन जेमतेम १५ ते २५ ग्रॅम. तिच्यात तयार होणारी संप्रेरकं शरीराचा वेग ठरवतात: हृदयाचे ठोके, पचन, पाळी, अंगातली ऊब, मनाची तरतरी, सगळ्याचा.

तिच्या तक्रारी दोन प्रकारच्या. एक आकाराची: ग्रंथी वाढणं किंवा तिच्यात गाठी होणं. दुसरी कामाची: संप्रेरक कमी किंवा जास्त तयार होणं. या दोन्ही एकत्र असतीलच असं नाही. गाठ असलेल्या बहुतेकांचा टीएसएच नॉर्मल येतो आणि हायपोथायरॉइडची गोळी घेणाऱ्या अनेकांच्या गळ्यात एकही गाठ नसते.

ऑपरेशन हा वाढलेल्या आकारावरचा उपाय आहे. ग्रंथी जास्त काम करत असेल तर त्यावरचाही आहे. ती कमी काम करत असेल, तर तिला काढून काम वाढणार कसं? एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मा गोंधळ मिटतो.

बर्नच्या सर्जनला कळलेली गोष्ट

एकोणिसाव्या शतकात स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात थिओडोर कोखर नावाचे सर्जन होते. आल्प्सच्या डोंगराळ भागात मातीत आयोडीन कमी. आयोडीन कमी पडलं की थायरॉइड वाढते, म्हणून तिकडे गळ्याला मोठाले गलगंड असलेली माणसं गावोगाव दिसत. (आपल्याकडे हिमालयाच्या पायथ्याशी हेच चित्र होतं. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून झालेल्या अभ्यासाने आयोडीनयुक्त मिठाने ते बदलतं हे दाखवलं आणि १९६२ साली देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.)

त्या काळी थायरॉइडचं ऑपरेशन म्हणजे जिवाशी खेळ. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांनी रुग्ण दगावत. कोखर यांनी स्वच्छता पाळली, एकेक रक्तवाहिनी शांतपणे पकडून बांधली आणि पुढे मृत्यूचं प्रमाण शेकडा एकाच्याही खाली आणलं.

पण १८८३ साली त्यांनी मांडलेली गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. त्यांनी आपल्या जुन्या रुग्णांना परत बोलावून तपासलं. ज्यांची थोडी ग्रंथी शिल्लक ठेवली होती ते ठीक होते. ज्यांची संपूर्ण काढली होती त्यांतले बहुतेक जण सुजलेले, मंदावलेले, थकलेले होते आणि मुलांची तर वाढच खुंटली होती. ऑपरेशन यशस्वी झालं होतं, माणूस मात्र खंगला होता. कोखर यांनी हे इतर सर्जनांपुढे उघडपणे मांडलं आणि साध्या गलगंडासाठी संपूर्ण ग्रंथी काढणं थांबवलं. थायरॉइडवरच्या कामासाठी त्यांना १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

१८९१ मध्ये इंग्लंडच्या जॉर्ज मरे यांनी थायरॉइड बंद पडलेल्या एका स्त्रीला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. ती सुधारली आणि पुढे अठ्ठावीस वर्षं जगली. आज त्या अर्काची जागा थायरॉक्सिनच्या चिमुकल्या गोळीने घेतली आहे. म्हणूनच आज संपूर्ण थायरॉइड निर्धास्तपणे काढता येते. आणि म्हणूनच, मला वाटतं, कधी कधी ती जरा जास्तच सहजपणे काढली जाते.

इथे थांबा

पहिला प्रसंग: सहज सापडलेली गाठ. चेकअपच्या पॅकेजमध्ये किंवा मानेच्या दुखण्यासाठी सोनोग्राफी होते आणि रिपोर्टात ‘थायरॉइडमध्ये गाठ’ असं येतं. घर हादरतं. खरं तर सोनोग्राफीने शोधायला गेलं तर वयस्कर माणसांत जवळपास निम्म्यांना अशी गाठ सापडते. त्यातल्या बहुसंख्य साध्या असतात.

साध्या गाठीचं पुढे काय होतं? इटलीत सुमारे हजार रुग्णांच्या साध्या गाठींवर पाच वर्षं नजर ठेवली गेली. साधारण १५ टक्के लोकांच्या गाठी वाढल्या, १८ टक्क्यांच्या उलट लहान झाल्या, बाकीच्यांच्या होत्या तशाच राहिल्या. पाहिलेल्या गाठींपैकी कॅन्सर निघाला तो हजारात तीन गाठींत. म्हणजे सोनोग्राफीत गाठ साधी दिसतेय, सुईच्या तपासणीचा (एफएनएसी) रिपोर्ट ‘बेथेस्डा २’ आहे आणि काही त्रास नाही, तर ठरावीक काळाने सोनोग्राफी करत राहणं हेच उपचार. काहीच न करणं आणि लक्ष ठेवणं यांत फरक आहे.

काही तक्रार नसताना ‘एकदा बघून घेऊ’ म्हणून गळ्याची सोनोग्राफी करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दक्षिण कोरियात अशा सोनोग्राफ्या सर्रास होऊ लागल्या, तेव्हा २०११ साली थायरॉइड कॅन्सरचं निदान १९९३ च्या तुलनेत पंधरापट झालं. त्याने होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. हजारो लोकांचा गळा अशा आजारासाठी उघडला गेला, जो त्यांना कधी जाणवलाही नसता.

दुसरा प्रसंग: हायपोथायरॉइड. वजन वाढतंय, केस गळतायत, अँटीबॉडी जास्त आहेत, ‘मग मुळातून काढूनच टाकूया ना!’ नाही. नॉर्वेतल्या एका अभ्यासात औषधाने टीएसएच नॉर्मल असूनही प्रचंड थकवा असलेल्या आणि अँटीबॉडी खूप जास्त असलेल्या काही रुग्णांना ऑपरेशनने बरं वाटलं, हे खरं. तो २०१९ साली प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून काही रुग्ण त्याची कात्रणं घेऊन येतात. पण त्याच अभ्यासात ऑपरेशन झालेल्या दर सात जणांत साधारण एकाला काही ना काही गुंतागुंत झाली. अगदी निवडक रुग्णांसाठी आणि खूप विचारांती करायची ती गोष्ट आहे. थकव्याची बाकीची कारणं आधी शोधा: रक्त कमी असणं, झोप अपुरी असणं, नैराश्य, डोस नीट न बसणं.

तिसरा प्रसंग नाजूक आहे. मुलगी लग्नाची आहे, गळ्यावर छोटा फुगवटा दिसतो, आणि घरचे म्हणतात, ‘स्थळं यायच्या आत उरकून टाका.’ गाठ मोठी असेल आणि तिला स्वतःला ती खुपत असेल, तर दिसण्यासाठी ऑपरेशन करणं गैर नाही. पण तो निर्णय तिचा हवा. गाठीच्या जागी एक व्रण येणार आहे, कदाचित एक गोळीही येणार आहे, हे तिला आधी कळलं पाहिजे. गोळी चालू असलेली मुलगी ‘आजारी’ आणि गाठ लपवलेली मुलगी ‘धडधाकट’, हा हिशेबच चुकीचा आहे. ‘मेडिक्लेम आहे तोवर करून घेऊ’ हेही ‘कशासाठी?’चं उत्तर होत नाही.

इथे लांबवू नका

आता दुसरी बाजू. पुढच्या परिस्थितींत ‘साधी आहे’ म्हणून थांबणं धोक्याचं आहे.

मोठी गाठ श्वासनलिकेला किंवा अन्ननलिकेला दाबत असेल तर. उताणं झोपल्यावर घुसमटणं, घास अडकणं, मान एका बाजूला वळवली की श्वास कोंडणं, ही लक्षणं आहेत. काहींचा गलगंड छातीच्या हाडामागे उतरतो; बाहेरून तो लहान वाटतो. अशा माणसाचा चेहरा दोरीवर कपडे वाळत घालताना, हात वर धरून मिनिटभर उभं राहिलं, की लालजांभळा होऊ शकतो. वय वाढतं तसा भुलेचा धोका वाढतो, गाठही वाढते. पन्नाशीत सोपं असलेलं ऑपरेशन पंच्याहत्तरीत अवघड होऊन बसतं.

ग्रंथी किंवा गाठ जास्त संप्रेरक तयार करत असेल तर. छातीत धडधड, हात थरथरणं, वजन उतरणं, घाम. उपचार न केल्यास हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडं ठिसूळ होतात. ग्रेव्हज या आजारात आधी गोळ्या देतात. त्यांनी आजार आटोक्यात राहत नसेल, गोळ्या सोसत नसतील, गलगंड मोठा असेल, डोळे बाहेर आले असतील किंवा लवकर मूल हवं असेल, तर ऑपरेशनचं पारडं जड होतं. अनेकांना किरणोत्सर्गी आयोडीनचा डोसही चालतो. गरोदरपणात तो देत नाहीत आणि त्यानंतर काही महिने गर्भधारणा टाळावी लागते.

सुईच्या तपासणीत नक्की काही सांगता येत नसेल तर. ‘बेथेस्डा ३’ किंवा ‘४’ म्हणजे साधी की कॅन्सरची, याचा निकाल पेशी पाहून लागत नाही. ‘४’ असेल तर कॅन्सरची शक्यता साधारण चारात एक ते तिघांत एक. इथे पुष्कळदा अर्धी ग्रंथी काढून तपासणं हाच निदानाचा मार्ग असतो.

‘गाठ विरघळवणारा’ काढा, लेप किंवा थायरॉक्सिनचा चढा डोस यांच्यात या लोकांनी वेळ घालवू नये. नॉर्मल टीएसएच असताना गाठ लहान करण्यासाठी थायरॉक्सिन देणं आता सुचवलं जात नाही. त्याने हृदयाला आणि हाडांना त्रास होतो. निवडक साध्या गाठी सुईतून उष्णता देऊन आक्रसवता येतात, पाण्याच्या गाठीतलं पाणी काढता येतं. ही सोय मोठ्या शहरांत मिळते, तिच्याबद्दल जरूर विचारा.

अर्धी की पूर्ण?

ऑपरेशन ठरलं तरी हा प्रश्न उरतोच आणि रुग्ण तो क्वचितच विचारतात. माझ्या मते हाच सर्वांत महत्त्वाचा.

गाठ एकाच बाजूला असेल आणि दुसरी बाजू निरोगी असेल, तर अर्धी ग्रंथी काढणं बहुधा पुरतं. उरलेली अर्धी बहुतेकांना आयुष्यभर पुरते. साधारण पाचातल्या एकालाच पुढे गोळी लागते. दोन्ही बाजू गाठींनी भरलेल्या असतील किंवा ग्रेव्हज असेल, तर पूर्ण काढणं बरं. पूर्वी अशा वेळी थोडा तुकडा शिल्लक ठेवत. तोच तुकडा पुढे वाढे आणि व्रण धरलेल्या गळ्यात दुसऱ्यांदा शिरणं पहिल्यापेक्षा जास्त धोक्याचं असतं.

किंमत काय?

अनुभवी हातात हे ऑपरेशन सुरक्षित आहे. तरी तीन गोष्टी माहीत हव्यात.

आवाज. स्वरयंत्राला जाणाऱ्या नसा ग्रंथीला अगदी चिकटून जातात. काही दिवस आवाज घोगरा होणं बऱ्यापैकी आढळतं. कायमची इजा साधारण शंभरात एकाला. वरच्या बाजूची एक बारीक नस दुखावली तर बोलणं ठीक राहतं, पण वरचा सूर लागत नाही. शिक्षिका, कीर्तनकार, गायिका, बाजारात दिवसभर ओरडून भाजी विकणारी बाई, यांनी आपला व्यवसाय सर्जनला आवर्जून सांगावा.

कॅल्शियम. थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. पूर्ण थायरॉइड काढल्यावर त्या काही काळ रुसतात. चारपाच जणांत एकाला ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, पेटके येतात. बहुतेकांचं काही आठवड्यांत सुरळीत होतं. शंभरात एक ते तीन जणांना मात्र कॅल्शियम कायम घ्यावं लागतं. अर्धी ग्रंथी काढल्यास हा धोका जवळजवळ नसतोच, आणि ‘अर्धी की पूर्ण?’ विचारण्याचं हे मोठं कारण आहे.

रक्तस्राव. शंभरात एकदोघांना पहिल्या चोवीस तासांत गळ्यात रक्त साचतं. मान फुगते, घट्ट वाटतं, श्वास कोंडतो. अशा वेळी मिनिटं मोलाची असतात. म्हणून ऑपरेशन अशाच ठिकाणी करा जिथे रात्रीही तातडीने टाके उघडू शकणारा डॉक्टर हजर असतो.

तुमच्या हातातले सहा प्रश्न

कागदावर लिहून न्या आणि संकोच न करता विचारा.

१. माझी थायरॉइड नेमकी कशासाठी काढायची? एका वाक्यात सांगाल?

२. सहा महिने थांबलो तर काय बिघडेल?

३. ऑपरेशनशिवाय दुसरा उपाय माझ्या बाबतीत आहे का?

४. अर्धी काढणार की पूर्ण, आणि का?

५. तुम्ही वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता? (अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात वर्षाला २५ पेक्षा जास्त थायरॉइड ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनच्या रुग्णांत गुंतागुंत कमी आढळली.)

६. ऑपरेशनआधी स्वरयंत्र तपासणार का? ग्रंथी जास्त काम करत असेल तर आधी औषधांनी आटोक्यात आणणार ना?

चांगल्या सर्जनला या प्रश्नांचा राग येत नाही. राग आलाच, तर दुसरा सल्ला घ्यायला तेवढं कारण पुरेसं आहे.

आणि ती गोळी

पूर्ण ग्रंथी काढल्यावर थायरॉक्सिन रोज, आयुष्यभर. डोस वजनावर ठरतो. साठ किलोच्या माणसाला साधारण १०० मायक्रोग्रॅम. सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि चहासाठी अर्धा ते एक तास थांबायचं. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांनी. उपवास असला तरी घ्यायची, सणावाराला घ्यायची, बरं वाटलं तरी घ्यायची. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करून डोस जुळवायचा. दिवस गेल्याची शंका आली की ताबडतोब डॉक्टरांना कळवायचं, कारण तेव्हा डोस वाढवावा लागतो.

या गोळीची भीती बाळगायचं कारण नाही. शरीर स्वतः जे बनवत होतं तेच तुम्ही बाहेरून देता आहात. तिच्यावर लोक संसार करतात, बाळंतपणं पार पाडतात, डोंगर चढतात. पण ज्याला ती लागणार नव्हती त्याच्यामागे ती विनाकारण लावू नये. आणि ज्याचा गळा दाबला जातोय त्याने गोळीच्या धास्तीने वर्षानुवर्षं बसून झोपू नये.

पुढच्या भेटीला जाताना रिपोर्टांच्या फाइलवर ते एक वाक्य लिहिण्यापुरती जागा रिकामी ठेवा: ‘माझी थायरॉइड काढायची, कारण...’ ते वाक्य डॉक्टरांच्या मदतीने पूर्ण झालं तर तारीख घ्या. नाही झालं, तर पुढच्या सोनोग्राफीची तारीख घ्या.